सातव्या मजल्यावरच्या बाईंचं वय

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून नमस्कार. (मान खाली का, ते पुढे येईलच. तूर्त तो आदर समज.) तुझी कंबर आता कशी आहे? आतोबांनी गच्चीवर चढणं थांबवलं का, की अजून टाकीत स्वतः डोकावल्याशिवाय त्यांना पाणी असल्याची खात्री पटत नाही? इकडे आई बरी आहे. बाबाही बरे असावेत. नक्की सांगता येत नाही, कारण मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. परवा मी अगदी समोर बसलेलो असताना त्यांनी आईला सांगितलं, "त्याला म्हणावं, मीठ इकडे दे." आईने मला सांगितलं, मी आईला दिलं, आईने त्यांना दिलं. म्हणजे घरात सगळं सुरळीत आहे.

पत्र लांबणार आहे. फोनच केला असता, पण फोन आजारपणासाठी आणि पत्र बोलण्यासाठी हा तुझा नियम, आणि मी अजून आजारी पडलेलो नाही, नुसता लाजेने अर्धा झालो आहे. पुढच्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मला ग्रंथालयात जाऊन एका वयस्क माणसाची सगळ्यांदेखत माफी मागायची आहे आणि एका मुलीला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. माफी माझी मी मागेन. उत्तर मात्र तुला विचारल्याशिवाय देता येत नाही, आणि नाही दिलं तर त्या जिन्यावर पुन्हा पाय ठेवायला मला तोंड उरणार नाही. (पाय ठेवायला तोंड कशाला, असं तू म्हणशील. माझी अवस्थाच तशी आहे.) तो प्रश्न इथेच लिहायला हवा होता. तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला, तेव्हा आधी काय झालं तेच सांगतो.

मी कॉलेज का सोडलं, हे बाबांनी तुला त्यांच्या पद्धतीने सांगितलं असेल. खरं एवढंच की आमचे प्राध्यापक वर्गात म्हणाले, एखाद्या कादंबरीवर सिनेमा निघाला की ती कादंबरी वाचायचे कष्ट वाचतात. माझं डोकं फिरलं. मी उभा राहून दहा मिनिटं पुस्तकांची बाजू मांडली आणि दार आपटून बाहेर पडायला निघालो. त्या दाराला वर एक स्प्रिंग होती, त्यामुळे ते आपटेना. मी ढकलतोय आणि ते सावकाश, रुबाबात बंद होतंय, आणि सत्तर पोरं बघतायत. त्यानंतर परत जाऊन बाकावर बसणं कुणालाही जमलं नसतं, म्हणून शिक्षण सोडलं. पुस्तकांसाठी एवढं केलेला माणूस पुढे काय करून बसला ते आता वाच.

मी काम करतो त्या बाइंडिंगच्या दुकानात ग्रंथालयाची पुस्तकं येतात, आणि ती आणायला-पोचवायला मी जातो. काउंटरवर ती असते, जिच्याबद्दल मी तुला याआधी दोन-तीन (बरं, नऊ) पत्रांत लिहिलं आहे. ती पुस्तकं मोजून देते आणि मोजून घेते. मालक म्हणतात, पूर्वी हे काम अर्ध्या तासाचं होतं, हल्ली तुला दीड तास लागतो, रस्ता वाढला का? तिच्यावर छाप पाडावी म्हणून मी वर्षापूर्वी पुस्तकांचा ब्लॉग सुरू केला, हे मात्र मी तुला लिहिलं नव्हतं. का लिहिलं नव्हतं तेही पुढे येईल. 'कच्ची शिलाई' असं त्याचं नाव. त्यावर दहा लेख झाले आणि ते वाचकांना फार आवडले. एक नर्सबाई रात्रपाळी संपली की येऊन लांबलचक अभिप्राय लिहायच्या. कुणी विचारायचं, या लेखकाचं दुसरं काय वाचू? त्यावर तिसराच उत्तर द्यायचा, मग चौथा त्याला खोडून काढायचा आणि अशी आठ-आठ दिवस बैठक चालायची. शेवटी 'तळटीप' नावाने कुणीतरी एकच ओळ टाकायचं आणि सगळा वाद मिटायचा. तळटीप म्हणजे तीच, हे तिने मला काउंटरवर सांगितलं तेव्हा माझ्या हातातली नऊ पुस्तकं खाली पडली. (त्यातल्या दोन पुस्तकांची पुन्हा शिलाई करावी लागली.)

मग ती लिफ्टमनची कादंबरी आली. एका मोठ्या हॉटेलातला लिफ्टमन आणि सातव्या मजल्यावर कायम राहणाऱ्या एक बाई यांची गोष्ट. कादंबरी कधीच बाजारातून गेलेली, पण त्या महिन्यात तिच्यावर सिनेमा निघाला, म्हणून ग्रंथालयाने धावपळ करून एक प्रत मिळवली. प्रत म्हणजे काय, नुसते सुटे फर्मे. (सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात. त्या शिवायच्या आणि मग पात्याखाली धरून कडा कापायच्या, की पानं मोकळी होतात.) ती प्रत मी बांधली. बांधता बांधता वाचायची असं ठरवलं होतं, पण ती म्हणाली होती, मंगळवारपर्यंत दे, आणि मी सोमवारीच देऊन मोकळा झालो. सिनेमा मात्र दोनदा पाहिला. सिनेमात सातव्या मजल्यावरच्या बाई पंचविशीच्या आहेत आणि लिफ्टमध्ये त्यांचे केस उडतात. (बंद लिफ्टमध्ये वारा कुठून आला, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.) शेवटी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते आणि दोघं मनातलं बोलतात. मी घरी येऊन एका दमात अकरावा लेख लिहिला. सिनेमाचं नाव न घेता, 'कादंबरी वाचून संपली आणि मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो' अशी सुरुवात करून. आणि आत्या, शेवटी लिहिलं की आमच्या ग्रंथालयाच्या काउंटरवरही अशीच एक सातव्या मजल्यावरची बाई आहे, लेखकाने जणू तिलाच समोर बसवून लिहिलं असावं.

त्यावर तळटीपेने लिहिलं, "आभार. माझे दात अजून शाबूत आहेत."

मला वाटलं, ही तिच्या हसण्याबद्दल काहीतरी नाजूक सुचवते आहे. तीन दिवस मी खळ ढवळता ढवळता शीळ घालत होतो.

गेल्या शनिवारी ग्रंथालयाच्या वाचक मंडळाने मला त्या कादंबरीवर बोलायला बोलावलं. वरच्या मजल्यावरची खोली, पंधरा खुर्च्या, एक टेबल, थर्मासमध्ये चहा. खाली सतरंजी, म्हणून बूट-चपला दाराशी काढायच्या. मी अर्धा तास बोललो, बराचसा तिच्याकडे बघून. मग घड्याळकाकांनी हात वर केला. त्यांचं चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागतं. ते म्हणाले, "छान बोललात. फक्त मला आठवतं त्याप्रमाणे त्या बाई बऱ्याच वयस्क आहेत. माझं चुकत असेल हं."

इथे मी 'असेल' म्हणून बसलो असतो तर हे पत्र झालं नसतं. पण तिच्यादेखत कुणी मला दुरुस्त करावं हे मला सोसेना. मी म्हणालो, "काका, पुस्तक वाचलं की आठवतं. नुसतं कव्हर बघून नाही आठवत." त्यांनी शांतपणे चष्मा पुसायला घेतला, म्हणून मला आणखी चेव आला. म्हणालो, "ही प्रत मी या हातांनी शिवली आहे आणि तीनदा वाचली आहे. तुम्ही आपले काटे फिरवा, पुस्तकं आम्हाला वाचू द्या." हे लिहिताना माझे कान आत्ताही गरम झाले आहेत.  

काकांनी टेबलावरची प्रत उचलली, पानं उलटत मध्यावर गेले आणि थांबले. पान उघडेना. एक फर्मा शिवताना जरा खाली सरकला होता, पातं त्याला लागलंच नव्हतं, आणि वरच्या कडेला सोळाच्या सोळा पानं जशीच्या तशी एकमेकांना धरून होती. ती प्रत कुणी एकदाही वाचलेली नाही, हे मागच्या रांगेतल्यांनाही दिसलं. काकांनी खिशातून घड्याळाचं झाकण उघडायची पातळ सुरी काढली, एकेक घडी न फाटेल अशी सावकाश कापली, चष्मा वर केला आणि वाचलं की बाई एकाहत्तरच्या होत्या, कवळी काढून रुमालात बांधत आणि लिफ्टमधल्या आरशाकडे पाठ करून उभ्या राहत. मग पुस्तक मिटून मला म्हणाले, "घाईत फर्मा सरकतो कधीकधी. तुम्ही दुसरी प्रत वाचली असेल."

बघ, माणसाने मला हात दिला. आणि मी तो धरून म्हणालो, "हो, दुसरीच." त्यावर ती काउंटरच्या आवाजात म्हणाली, "आपल्याकडे एकच आहे."

मी उठलो, दाराशी दिसलं त्यात पाय सरकवले आणि जिना उतरून चालू लागलो. घराजवळ आल्यावर टाचा दुखायला लागल्या म्हणून खाली पाहिलं, तर माझ्या पायांत काकांच्या चपला. अपमान करून भागलं नाही, त्या माणसाला मी अनवाणी पाठवलं.

सोमवारी ती दुकानात आली. हातात माझे बूट. डाव्याची टाच कधीची सुटली होती, ती चिकटवलेली. "काकांनी दिलेत. त्यांच्या चपला दे," म्हणाली. मी दिल्या. मालक कात्रीची धार बघत बसले, म्हणजे ऐकत बसले. ती म्हणाली, "ही कादंबरी मी शाळेत असताना वाचली होती, म्हणून दातांचं लिहिलं. पुस्तक वाचायचं राहून जातं, ते मी समजू शकते. काकांना जे बोललास ते नाही." मंडळ पंधरा दिवसांनी बसतं, म्हणून मी म्हणालो, पुढच्या बैठकीच्या शनिवारी सगळ्यांसमोर माफी मागतो. "माग. आणि अजून एक. अकरावा लेख तुझा, हे आता कळलं. आधीचे दहा कोणाचे?"

मी म्हणालो, "माझेच."

"बरं. मंडळ त्या दहांची पुस्तिका काढतंय. शिवायला तुमच्याकडेच येईल. कव्हरवर नाव काय घालायचं ते शनिवारी सांग." आणि गेली. पुस्तकं मोजायलाही थांबली नाही.

सरकलेला फर्मा नीट करायला ती कादंबरी दुकानात परत आली, आणि मी ती आता खरोखर वाचली, जेवणाच्या सुट्टीत, चार दिवस. शेवटी बाई वारतात. त्यानंतरही लिफ्टमन रोज संध्याकाळी रिकामी लिफ्ट सातव्यावर नेतो, दार उघडतो, कुणाला चढता येईल इतका वेळ थांबतो आणि खाली आणतो. लिफ्ट कुठे अडकत नाही, कुणी काही बोलत नाही. मी त्यावर काहीतरी लिहायचा प्रयत्न केला. एक ओळ सुचली नाही. असो. आतोबांना नमस्कार, कंबरेला जप.

तुझा (अजून म्हणवून घेऊ देशील तर)
भाचा

ता. क. - आता लिहितोच. ते दहा लेख तुझे आहेत. तू मला वाचलेल्या पुस्तकांबद्दल लिहितेस ती पत्रं मी उतरवून घेतली. 'अरे बाळा' काढलं आणि 'वाचकहो' घातलं, एवढंच माझं. 'सिनेमात माणूस रडला की आपण रडतो, पुस्तकात तो रडायचा थांबला की आपण रडतो', हे वाक्य लोकांनी भिंतीवर लावलंय, ते तुझं. चौथ्या लेखात 'आणि बाहेर पडताना कानाला काहीतरी बांधत जा' हे चुकून राहून गेलं. नर्सबाईंनी त्याखाली लिहिलं, 'किती सूचक'. मी त्यांचे आभार मानले.

ता. क. २ - हे पत्र टाकायला जाताना वाटेत ग्रंथालय लागतं. शनिवारपर्यंत माझा धीर टिकणार नाही. तिला आत्ताच सांगून मग पेटीत टाकतो.

ता. क. ३ - सांगितलं. काउंटरवरच उभा राहून लिहितोय, पेन तिचं आहे. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग त्या स्वतःच्या नावाने का लिहीत नाहीत?"  वर्षभर तुझी अक्षरं उतरवून घेतली आणि हे तुला विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. तेव्हा आत्या, का लिहीत नाहीस ते मला लिही. ते मी कुठेही छापणार नाही. आणि तुझी हरकत नसेल, तर कव्हरवर नाव माहेरचं घालायचं, सासरचं घालायचं, की मागेपुढे काही न लावता नुसतं तुझंच, तेही कळव. उलट टपाली कळव. अक्षरं जुळवायला घेण्याआधी मालक एकदाच विचारतात.