पानाखालचे मूग

३ मार्च
दोन रेघा. तिसऱ्यांदा.
कुणालाच सांगणार नाही. नवऱ्याला, लुअनलाही नाही. मागच्या दोन्ही वेळा सांगून मोकळी झाले, आणि मग त्याच्यापासून शेजारणीपर्यंत प्रत्येकाला परत सांगावं लागलं की नाही राहिलं.

५ मार्च
सादेक शहरातल्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, मुगाचे कच्चे मोड बंद. खायचेच तर पूर्ण शिजवून.
आणि आमच्या घरात! तीन वर्षं सासूबाई माझ्या हू-तिउच्या वाडग्यात, नूडल्स दिसेनाशा होईपर्यंत, कच्चे मोड घालताहेत. मोडांनी कूस उजवते असं इथे सगळे मानतात. आज हळूच सगळे लुअनच्या वाडग्यात ढकलले.
"मूल तुला हवंय की त्याला?" — सासूबाई. मी हसले.

८ मार्च
मोडांचं काम सासूबाईंकडून मागून घेतलं. मडकं उकळत्या पाण्याने धुतलं. रात्रभर भिजलेल्या मुगातले फुटके वेचून टाकले. उरलेले मडक्यात, वर केळीचं पान, त्यावर आडव्या-उभ्या बांबूच्या कामट्या. दिवसातून तीनदा मडकं पाण्यात बुडवायचं, मग पालथं घालून थेंब न् थेंब निथळायचा. पाणी राहिलं की बुळबुळीत होतात, वास मारतात — मग सगळे फेकायचे.

१० मार्च
पान उचलून पाहिलं. सकाळी एकदा, दुपारी दोनदा. राहवतच नाही.

११ मार्च
शेंडे हिरवे, चव कडू. उजेड लागला. सासूबाईंच्या लगेच लक्षात आलं.
"बघत बसलीस ना, थुई? अगं, अंधारात सोड त्यांना. त्यांचं ते करतात."
ओरडल्या नाहीत. माझे केस कानामागे सारले फक्त. मला रडूच फुटलं. मुगासाठी कोण रडतं?

१६ मार्च
आजपासून सगळ्यांचेच मोड उकळत्या रश्शात शिजणार — सासूबाईंचा हुकूम. सासरे वैतागले, "हा काय लगदा!"
"तुमचे दात तरी कुठे धड आहेत?"
सुटले मी. आयतीच सुटले.

२४ मार्च
रक्ताचा डाग. एवढासाच. डॉक्टरीण म्हणाली पडून राहा, आठवड्याने पाहू.
घरी पाठदुखीचं निमित्त सांगितलं. सासूबाईंनी मडकं स्वतःकडे घेतलं, भाताची पेज उशाशी आणून ठेवली, आणि गेल्या. एक अक्षर नाही. राग आला त्यांचा. एवढी पडून आहे मी — माणसाने एकदा तरी विचारावं, काय होतंय म्हणून.

२७ मार्च
डाग नाही.

२८ मार्च
आजही नाही. भीती मात्र तेवढीच.

२ एप्रिल
ठोके ऐकले! लुअन कामावर होता, म्हणून आधी सासूबाईंनाच सांगितलं.
"ठाऊक आहे," म्हणाल्या. "पंधरा-वीस दिवस झाले."
मी म्हटलं, मग विचारलं का नाही?
त्या हात पुसत राहिल्या. "लुअनच्या आधी माझी तीन गेली. सासू रोज सकाळी विचारायची — आहे ना अजून?"