ओल्या रंगाचं तळं

चिमणे,

रागावू नकोस, तुझ्या फलकाला हात लावलाय. ‘आमचं तळं बुजवू नका’ लिहिताना शेवटचं ‘नका’ तू कोपऱ्यात कोंबलं होतंस. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याच्या घरात हे शोभतं का?

म्हणून सगळं पुन्हा आखलं. मग निळ्यात ब्रश बुडवला आणि अक्षरांखाली तळं पसरतच गेलं. तुझी आई ज्या दगडावर पाण्यात पाय सोडून बसायची, तोही आपसूक उतरला. किती वेळ गेला, कळलंच नाही.

चहा झाकून ठेवलाय, पिऊन ये. रंग ओला आहे, म्हणून फलक वाऱ्यावर धरून चौकाकडे निघालोय. मोर्चाबिर्चा आपलं काम नाही, असं काल ओरडलो, तेच आजही म्हणतो. मी नुसता फलक वाळवतोय.

बाबा