अंगठा केलेला कागद

निपाणी, ता. ९ नोव्हेंबर १९३१

हेडबाई विनोदिनीबाई यांना नागुबाईचा पाया पडून नमस्कार.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. बदलीच्या गावात शाळेला धड छप्पर नाही, हे कळून वाईट वाटलं. इकडे ठीक आहे. मुलींना घरून बोलावून आणायला मी रोज निघते. तवनाप्पांची राजमती आता येत नाही. तिची आई म्हणाली, "आक्का, त्या बाई गेल्या. पोरगी कुणाच्या भरवशावर धाडू?" मी पुढच्या दाराला गेले.

तुम्ही असताना घंटा द्यायला हात आपोआप उठायचा. चहा ओतलात की पहिला कप माझ्यापुढे ठेवायचात. तपासणीचे मारुतीराव मला 'ए घंटा' म्हणतात. मी ओ देते.

तुम्ही लिहिलंत, "कागदावर काय होतं ते तुला वाचता येत नव्हतं. मनाला लावून घेऊ नकोस. हे कार्ड कुणाकडून तरी वाचून घे."

बाई, कार्ड मी कुणाकडून वाचून घेतलं नाही.

तुमच्या वर्गाबाहेर पायरीवर बसून पाच वर्षांत मी अक्षरं शिकले. पहिलं नाव ह्यांचं लिहिलं, चुलीपुढच्या राखेत, बोटानं. हे जाऊन तेरा वर्षं झाली. ते नाव मी तोंडानं कधी घेतलं नव्हतं. तुम्हाला सांगायची लाज वाटली. अक्षर चांगलं आलं की दाखवीन म्हणत राहिले.

मारुतीरावांनी कागद पुढे केला तो मी उभ्याउभ्या वाचला. तुम्ही मला घरी धुण्याभांड्याला राबवता, अशी माझ्या नावानं तक्रार त्यात होती; तिच्यावरूनच तुमची बदली झाली. तुमच्या घरचा तांब्यासुद्धा मी कधी विसळला नाही. न आलेल्या मुलींची हजेरी मांडायला तुम्ही नकार दिला, त्याचा मारुतीरावांना राग, हेही मला ठाऊक होतं.

त्यांनी विचारलं, "वाचता येतंय का गं?"

मी म्हटलं, "न्हाय, साहेब."

"मग कर अंगठा."

नोकरी जाईल म्हणून भ्याले. अंगठा केला तर न कळून केला असं लोक म्हणतील, एवढं डोक्यात आलं. तुम्हीही तसंच म्हणालात. ते मात्र सोसलं नाही.

हे पत्र मारुतीरावांच्या वरच्या डिपोटीसाहेबांकडे पाठवा. त्यांनी बोलावलं तर त्यांच्यापुढे लिहून दाखवीन. माझं जे होईल ते होवो.

खाली सही केली आहे. त्यात ह्यांचं नाव आहे, म्हणून खोटं लिहिलेलं नाही.

नागुबाई भरमा चौगुले