फलश्रुतीच्या अलीकडे

सर, तुमच्यावर मी चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, धुळ्याच्या तुमच्या घरात आता दुसरंच बिऱ्हाड आहे, तेव्हा ही चिडचिड पाठवणार तरी कुणाच्या पत्त्यावर? तरी लिहिते. नववीच्या वर्गात तुम्ही एकदा लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन आलात. आम्ही पोरींनी पटापट चपला काढल्या. "घाला गं चपला," तुम्ही म्हणालात, "आज हे पुस्तक आहे." मग मला उभं केलंत. नदीकाठी मेलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचा अध्याय होता. मी घरी ऐकलेल्या चालीत हेल काढत सुटले, तर केवढ्यांदा ओरडलात! "पाढे म्हणतेस का? तिचं पोर गेलंय. ती देवाशी भांडतेय. भांड!" मी भांडले. पोर जिवंत व्हायच्या आधीच तुम्ही पोथी मिटलीत आणि म्हणालात, इथवर साहित्य, पुढे जाहिरात. आणि शेवटची फलश्रुती, म्हणजे ही पोथी वाचली की रोग जातो, मूल होतं वगैरे, ती तर तुमच्या लेखी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. हा विनोद मी पुढे जळगावात माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी ऐकवत आले. देव मानायचं माझं तेव्हाच सुटलं, पोथी मात्र सुटली नाही. निरोपाच्या दिवशी तुम्ही तीच माझ्या हातात ठेवलीत.

आता आई पारोळ्याहून माझ्याकडे आलीय. तिच्या पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन लांबवू नका. आई म्हणाली, आधी एकदा पोथी होऊ दे. मला वाटलं, तेवढाच तिला धीर. कॉलेजातून आले की दुपारी वाचायला बसायचे. तुम्ही शिकवलंत तसंच वाचत होते, दुसरं मला येतच नाही. शेजारच्या बायका यायला लागल्या, डोळ्यांना पदर लावायला लागल्या. आणि आई भिंतीला टेकून म्हणते, "तू वाचस तवय ती गाठ गप बठी ऱ्हास. आते ऑपरेशन कसाले व?" पोथी संपली. ऑपरेशनची तारीख आली नि गेली. ती म्हणते, अजून एकदा.

रडून झालं, भांडून झालं. धाकटा भाऊ धुळ्याहून फोनवर ओरडतो, "तूच वाचतेस ना? मग बंद कर!" बंद केलं तर ती घाबरते. अर्धवट सोडलेली पोथी बाधते म्हणे. एक दिवस वाचलं नाही, तर जेवलीच नाही. मग मी मुद्दाम वाईट वाचून पाहिलं, अगदी पाढ्यासारखं. तर म्हणाली, "दमनी का माय? पानी पी ले." माझा देवावर विश्वास नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे. "तुन्हा नही ना, मन्हा शे," एवढंच म्हणते आणि मी पान कधी उलटते याची वाट बघत बसते. तिला उचलून ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन तर ठेवता येत नाही. मी जितकं जीव ओतून वाचते तितका तिचा चेहरा खुलतो, आणि आत ती गाठ आपली वाढतेच आहे. चांगलं वाचायला शिकवलंत, पण आता करू काय, ते सांगा ना!

फलश्रुती मी कायम घाईत, एका दमात उरकते. काल तिथवर पोचले तेव्हा आईला डोळा लागला होता. बायका उठून गेल्या होत्या. पोथी मिटता आली असती. नाही मिटली. ती बाटलीवरची चिठ्ठी मी शब्द न् शब्द वाचली, सावकाश, त्या नदीकाठच्या बाईसारखी भांडत. रोग जाईल म्हटलंय त्या ओळीवरून पुढे सरकवेना, म्हणून तीच परत वाचली. ऐकायला कुणीसुद्धा नव्हतं, सर.