'वसुधा' यान घरी आलं

गढ़ा, जबलपूर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. अक्षत,

खूप खूप आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे, अंगणातला पेरू यंदा लदबदला आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मोठी बातमी! तुझ्या गेममधलं ते यान, आईच्या नावाचं 'वसुधा', घरी आलं. तीन वर्षं त्या निळ्या ग्रहाभोवती अडकलं होतं ना, तेच. मी आणलं. रिटायर माणसाने!

हसू नको. जूनपासून शिकून राहिलो. यानात घरापर्यंतचं इंधन नव्हतं. मग बीकन सापडला: यान त्याच्यापाशी न्यायचं, बटण दाबायचं, की एका उडीत थेट घरच्या बीकनपाशी. मी यानाला खेटूनच बीकन उभा केला. लाल दिवा! तीस वर्षं फॅक्टरीत काढलेला माणूस मी. जोर कमी पडला असेल म्हणून दुसरा लावला, मग तिसरा. दिवा लालच. आई म्हणे, "अहो, काहून डोकं फोडून राहिले?"

शेवटी सूचना वाचल्या. ग्रहाची ओढ जास्त असेल तिथे बीकन चालतच नाही, कितीही लावा. दूरच जावं लागते. मग तळाशी उरलेलं इंधन थोडं थोडं जाळत यान बीकनसकट वर वर नेलं, अकरा दिवस. काल दुपारी दिवा हिरवा! बटण दाबलं, यान घरी! मी असा ओरडलो की आई कणकेच्या हातांनी धावत आली, "अक्षत आला काय?"

मी तिला पडद्यावरचं यान दाखवलं.

यान अडकलं कसं, ते वर लिहायचं मी टाळलं. शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तू ते वळवत होतास आणि मी प्लग उपटला. गेम ऑनलाइन, म्हणून तिकडे इंजिन जळत राहिलं, टाकी जवळजवळ रिकामी झाली. वर "या घरातून चालता हो" हेही मीच म्हणालो. चुकलं माझं, बेटा.

तू पुण्याला गेलास, एकट्याने नोकरी मिळवलीस. अरे, जिंकलास! माझ्यापाशी राहून ते झालं नसतं, हे मला त्या लाल दिव्याने शिकवलं.

यान तुझ्या तळावर उभं आहे, टाकी भरून. येशील तेव्हा पुढे ने. प्लगवर मी फॅक्टरीतल्यासारखी पाटी बांधली आहे: 'छूना मना है.' ती माझ्यासाठीच आहे.

वाट पाहणारा,
तुझा बाबा