मिठागराच्या गाडीला मुशीचं तेल

४ जानेवारी, दुपार
पहिली आली ती साखरबाई. शेजारीण हाय, तिला बोलवावं लागत नाय. म्हणाली, काय गो, तू रेल्वेत लागलीस म्हणं? मी म्हटलं, लागले. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. चहा मात्र दोनदा घेतला.

गोष्ट अशी. आमच्या नवापूरच्या मागं मिठागर, तिथं मिठाची छोटी गाडी. एक इंजिन, एक लाकडी डबा. कित्येक वर्षं उभीच. आता नातू निमेश आणि पोरांनी हेरिटेज कमिटी काढलीय. गाडी टुरिस्ट लोकांसाठी चालू करायची. पुढच्या रविवारी मुंबईची मंडळी बघायला येणार. त्यांना पसंत पडली तर चालू, नाय तर मालक भंगारात देणार. नापसंत कशाला पडेल?

हेरिटेज म्हणजे काय ते निमेशला विचारलं. म्हणाला, जुनं, पण टाकायचं नाय असं. मी म्हटलं, मग मला पण एक पाटी लाव.

५ जानेवारी
मी तरणी असताना गाडी चालायची तेव्हा आत मीठ बसायचं आणि आमी बाया मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजूनं चालायचो. मुकादम बसू देत नव्हता. आता पहिल्या फेरीला मी खिडकीत बसणार. निमेशला सांगून ठेवलंय. तो हो म्हणाला. मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, पण म्हणाला.

आजपासून ठरवलं: पाहुण्यांपुढं कमी बोलायचं.

७ जानेवारी
डबा बघून आले. लाकूड सुकून फाटलंय. पोरं रंगाचा डबा घेऊन उभी. मी म्हटलं, अरे बापानं होडी कधी ठेवली नाय का? लाकडाला आधी मुशीचं तेल. आमच्या होड्यांना मुशी माशाचं तेलच लावायचे, वर्षानुवर्षं लाकूड कुजायचं नाय. होडीवाल्या विश्रामकडं जुनं पिंप भरून होतं. तो म्हणाला, काकी, आता कोण लावतंय, वास येतो. मी म्हटलं, वास आपल्याला येतो का? नाय ना?

मग बाहेरून लावलं. आतून लावलं. बाकांना दोन हात जास्त दिले, पाहुणे बसणार म्हणून.

८ जानेवारी
तेल मस्त मुरतंय. उन्हात डबा नव्या नवरीसारखा चमकतो. मांजरं जमलीत. शुभ असतं.

१० जानेवारी
इंजिन चालू होत नाय. धीरज मेकॅनिक म्हणाला, आतलं सगळं गंजलंय. मी म्हटलं, मग दोर लावून ओढू. होडी एवढी जड, ती वाळूतून वर ओढतो, ही तर रुळावर हाय. धीरजनं पाना-पक्कड पिशवीत भरली. म्हणजे पटलं.

घिवलीची मांजरं पण आली वाटतं. आपल्या गावात एवढी नाय.

११ जानेवारी, रविवार
काय सांगू! झकास झालं!

मंडळी आली. पुढं हेमांगी मॅडम, पांढराशुभ्र ड्रेस. डब्यापाशी आल्या आणि डोळ्यांत पाणीच आलं. जुन्या वस्तूची माया लागते तशी. बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावले, शहरातली माणसं धुळीला फार जपतात. मी कमी बोलायचं ठरवलेलं, म्हणून फक्त तेलाचं सांगितलं. आणि मुशीचं. आणि मुशी कशी फाडतात ते. एक दादा पटकन बांधाकडं गेले, समुद्र बघायला.

मी म्हटलं, बसा ना. मॅडम म्हणाल्या, नको आजी, पहिला मान तुमचा. एवढी शिकलेली बाई, पण रीतभात बघा! मग मी एकटीच बसले. खिडकीत. मागच्या बाकावर मांजरं. गावानं दोर धरला, हैसा हैसा, आणि गाडी हलली! खरंच हलली. साखरबाई बाजूनं चालत होती. मी तिला हात केला. तिनं बघितलं नाय, पण मी केला.

बांधापाशी रूळ वाळूत गेलेत, तिथं थांबली. कुणी जेवायला थांबलं नाय. बोंबलाचं कालवण सगळं उरलं. पुन्हा नक्की येऊ म्हणाले. आपल्या मोटारीत बसताना म्हणाले, काच वर करून, पण ऐकू आलं.

१५ जानेवारी
मॅडमचा फोन नाय. कामात असतील.

१६ जानेवारी
निमेश म्हणतो, आजी, त्यांनी नाय म्हणून कळवलंय. मी म्हटलं, आज नाय म्हणजे कधीच नाय असं थोडंच असतं. तो म्हणाला, मालकानं मोबाईलवर फोटो पाठवून सौदा पण केला. मी भाकरी उलटली. करपली.

१७ जानेवारी, संध्याकाळ
बोईसरहून दोघं आले, भंगारवाले. हिंदी बोलत होते. एकानं डब्यावर हातोडी मारून बघितली, म्हणाला, अम्मा, लकडी एकदम पक्की है. मी म्हटलं, मुशीचं तेल हाय. त्यानं नाक धरलं नाय. उरलेलं कालवण नव्हतं, पण चहा दिला, सुके सोडे पण बांधून दिले. कधी येणार ते नीट विचारून घेतलं, कारण आदल्या दिवशी डबा धुऊन ठेवीन. मळकी कशाला पाठवायची.

मंगळवारी सकाळी येतो म्हणाले, क्रेन घेऊन.