घाटावर घेतलेली नावं

॥ श्री ॥

प्रकाशा, ता. १७ जानेवारी १९३७

चिरंजीव भाऊ भाईदास यास दगूआक्काचे अनेक आशीर्वाद. विशेष विनंती की,

तापीकाठच्या ज्या बायकांची मतं मागायला तू पुढच्या महिन्यात येणार आहेस, त्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे, आणि ते मी आधीच तुझ्या कानावर घालते. घाटाच्या वाटेवर दारूचं दुकान आहे. पाण्याला जायचं तर त्याच्यासमोरून, देवाला जायचं तरी त्याच्यासमोरून. तिथे बसलेले पुरुष ज्या तोंडाने हसतात ते तुला ठाऊक नाही, कारण तू मोटारीतून येतोस.

शहाद्याचा वकील, माझा धाकटा भाऊ, मुंबईच्या कायदेमंडळात आपली जागा लढवतो आहे, याचा मला अभिमान आहे. नव्या कायद्याने शेतसारा भरणाऱ्याच्या बायकोलाही मत दिलं. मात्र यादीत आम्हाला नावं नाहीत. अमक्या पाटलाची पत्नी, तमक्या पाटलाची पत्नी, एवढंच. विलायतेतल्या बायका मतासाठी तुरुंगात गेल्या. आम्हाला ते घरबसल्या मिळालं, म्हणून आम्ही ते चुलीत घालायचं की काय, असं मी संक्रांतीच्या हळदीकुंकवात सगळ्यांना विचारलं. तासभर बोलले. सासूबाई शेवटी म्हणाल्या की, बास व माय, तिळगूळ गोड बोलासाठे ऱ्हास.

मग मत देण्याची तालीम घेतली. मामंजींचा जुना फेटा डोक्यावर ठेवून मीच मतं घेणारा साहेब झाले आणि एकेकीला विचारलं, कोणाची पत्नी? आणि काय सांगू, सगळ्यांचे पदर तोंडात! उखाण्यात गुंफून, बायकाबायकांत, धन्याचं नाव हौसेने घेतील. पण सरळ विचारलं की मुक्या. शेजारच्या छबूबाईचं म्हणणं असं की, परपुरुषना मोरे धनीनं नाव लिधं ते जीभ झडी जाई. मत राहिलं तरी चालेल, पण नाव नाही. हसून पोट दुखलं.

तेव्हा एवढंच कळव, की निवडून आलास तर ते दुकान उठवशील की नाही. हो किंवा नाही.

बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस, हेच मागणं.

तुझी
दगूआक्का

—

॥ श्री ॥

शहादा, ता. २५ जानेवारी १९३७

तीर्थरूप सौ. दगूआक्काच्या चरणी भाईदासचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष,

तुझं पत्र वाचून घरात सगळे हसले. फेटा घातलेली आक्का पाहायला मी एक सभा रद्द करायला तयार आहे. लहानपणी तू आंब्याच्या झाडावर चढून आम्हा पोरांना भाषण द्यायचीस आणि मी खाली टाळ्या वाजवायचो. आता मी बोलतो, तर टाळ्या वाजवायला तू असावीस.

दुकानाचं म्हणशील, तर घाई करू नये. त्याचे मक्तेदार शेठ आपल्याच बाजूचे आहेत. दोन मोटारी त्यांनी दिल्या आहेत, माणसंही त्यांचीच राबताहेत. निवडणुकीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून गोडीगुलाबीने मार्ग काढू. राजकारणात हो आणि नाही यांच्यामध्ये मोठी वाट असते.

नाव न घेण्याची तुमची मौज मात्र फार आवडली. खरंच का गं, साहेबाने खडसावून विचारलं तरी नाही घेणार? तरण्या पोरीही नाही? कुतूहल म्हणून विचारतो. आणि त्यांना ती रीत मोडायला लावू नकोस. आपल्या समाजाची शोभा आहे ती.

दाजींना नमस्कार. भावावरचा हात असाच राहू दे.

तुझा
भाईदास

—

॥ श्री ॥

प्रकाशा, ता. २ फेब्रुवारी १९३७

चिरंजीव भाईदास यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात हो नव्हतं, म्हणजे नाही होतं. ते मी बायकांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. छबूबाईचा नवरा तीन पावसाळे झाले, दुकानाच्या पायरीशीच सापडतो. ती म्हणाली की, तुन्हा भाऊ मुंबई जाई आनि दुकान आठेच ऱ्हाई.

सारंगखेड्याचे गिरधर मास्तर तुझ्याविरुद्ध उभे आहेत. परवा ते पायी आले. भाषण धड जमत नाही त्यांना. पण दुकान उठवण्याचा पहिला अर्ज मी करीन, असं महादेवाच्या पायरीवर हात ठेवून सांगून गेले. आमच्या बायकांची मतं त्यांना जातील. माझंही. पाठीत खुपसण्यापेक्षा तोंडावर सांगणं बरं, म्हणून लिहिते. लिहिताना मला सोपं जात नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही घेणार. खडसावलं तर मुळीच नाही. पण तशी वेळ येत नाही. मतदानाच्या खोलीत गावचा पाटील बसलेला असतो, तो सगळ्यांना ओळखतो. आमच्या घरच्यांनीही चौकशी केली, पाटलाने मान हलवली की पुरतं.

रागावलास तरी लिहीत जा.

तुझी
दगूआक्का

—

॥ श्री ॥

शहादा, ता. २४ फेब्रुवारी १९३७

तीर्थरूप सौ. दगूआक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

देवाच्या दयेने आणि तुझ्या आशीर्वादाने जागा आपल्याकडे आली. सत्तावीस मतांनी का होईना, विजय तो विजय. पेढे पाठवतो आहे. सोबत एक लुगडं आहे, रंग तुझ्या भावजयीने निवडला.

प्रकाशाच्या काही बायका मत न देताच परतल्या असं ऐकलं. वाईट वाटलं. पण माझा कारकून पितांबर तिथे माझा प्रतिनिधी म्हणून बसला होता, आणि ओळख पटवून घेण्याचा आग्रह धरण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला आहे. तो नियमाने वागला. त्यात कोणी मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

शिवरात्रीला प्रकाशाला सत्कार आहे. तू शेजारी बसावीस अशी फार इच्छा आहे. शेठ त्यांची मोटार तुझ्या दारात पाठवतील. झालं गेलं तापीला मिळालं असं समज आणि माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
भाईदास

—

॥ श्री ॥

प्रकाशा, ता. ३ मार्च १९३७

भाईदास यास दगूबाईकडून,

आशीर्वाद लिहायला हात चालला नाही. पेढे आणि लुगडं हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबरच परत पाठवते आहे.

तू तिथे नव्हतास, तेव्हा काय झालं ते ऐक. चाळीसच्या वर बायका होत्या. सणाची लुगडी नेसून, केसांना तेल लावून, ते चापून बसवून आल्या होत्या. मी सगळ्यांच्या मागे उभी होते, कोणी माघारी वळू नये म्हणून. सगळ्यांच्या पुढे छबूबाई. पाटलाने मान हलवली, साहेब चिठ्ठी देणार, तेवढ्यात तुझा पितांबर उठला आणि म्हणाला की, हरकत आहे, बाईने नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे.

छबूबाईने एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. पण मत द्यायचं होतं तिला, भाईदास. त्या दुकानापायी तिचं घर बसलं आहे. तिने खूप विचार केला असावा, आणि तिला एकच मार्ग सापडला. तिने डोळे मिटले आणि उखाणा सुरू केला. ‘तापीना काठे महादेवनं देऊळ…’ सगळी खोली हसली. साहेब हसला, शिपाई हसला. पितांबर म्हणाला की, हा काय बारशाचा कार्यक्रम आहे? धन्याचं नाव तिच्या ओठावर आलं होतं, ते तिने तिथेच गिळलं. तोंडावर पदर घेऊन ती बाहेर पडली, आणि तिच्यामागोमाग सगळ्या. मी हात धरत होते, हात सुटत होते.

मग मी आत गेले. टेबलासमोर उभी राहिले आणि सरळ म्हणाले, रेवजी. रेवजी धनाजी पाटील यांची पत्नी. माझं मत पेटीत पडलं. शंभर माणसांत बोलणारी मी, पण तो एक शब्द आजवर असा उघड उच्चारला नव्हता. दारात उभ्या सासूबाईंनी तो ऐकला. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. हे रात्री जेवताना एवढंच म्हणाले की, चला, मन्हं नाव तुन्हा तोंडी आयकाले भेटनं.

आता कायद्याचं बोलू, कारण तू वकील आहेस. शहाद्याच्या तुझ्या गल्लीतल्या बायकांना त्याच दिवशी कोणी नाव विचारलं? मी चौकशी केली. एकीलाही नाही. तिथे पाटलाची मान पुरली. मग हा नियम फक्त आमच्या गावाच्या वेशीत कसा जागा झाला? पितांबरला एवढी अक्कल नाही. तो माझ्याशी बोलताना अजून खाली बघतो. आमच्या बायका खडसावल्या तर मुळीच बोलणार नाहीत, हे या जगात मी एकाच माणसाला लिहून कळवलं होतं. हळदीकुंकवातली गंमत म्हणून सांगितली होती मी ती. माहेरी सांगतात तशी. त्या गमतीचा तू फास केलास, आणि वर लिहिलंस की रीत आपल्या समाजाची शोभा आहे.

इंग्रजाने आम्हाला यादीत नाव दिलं नाही, याचा मला संताप होता. पण तो परका. आमची लाज कुठे राहते ते त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. त्याच्यावर मुंबईला कडकडीत भाषणं करशील, कोणाचा प्रतिनिधी म्हणून? सत्तावीस मतांचा आमदार तू, आणि परत गेलेल्या बायका चाळीसच्या वर. तू त्यांच्या मतांनी निवडून आलेला नाहीस. तू त्यांच्या मुकेपणाने निवडून आला आहेस.

यापुढचं नीट वाच.

गेल्या आठवड्यात एका सकाळी घाटावर धुणं चाललं होतं. छबूबाईने धोपटणं खाली ठेवलं, नदीकडे तोंड केलं आणि नवऱ्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव. तेही मोठ्याने. पलीकडच्या काठावरचा गुराखी वळून बघायला लागला. मग दुसरीने घेतलं. मग तिसरीने. काही रडत होत्या, काही हसत होत्या. दुकानाच्या पायरीवरचे पुरुष उठून उभे राहिले, आणि त्यांतल्या कितीजणांना आपलं नाव प्रथमच इतक्या दुरून ऐकू आलं. शेवटी सासूबाई पाण्यात उतरल्या. मामंजींना जाऊन बारा वर्षं झाली. नवरा हयात नाही म्हणून सासूबाईंना मतही नाही. त्यांनी ओंजळ भरली, सोडली, आणि म्हणाल्या, धनाजी. मग माझ्याकडे बघून विचारलं की, बराबर शे ना व? आठवड्यातला त्यांचा माझ्याशी पहिला शब्द तो.

रोज सकाळी असंच चाललं आहे. कोणाची जीभ झडलेली नाही.

शिवरात्रीला मी येईन. मोटारीने नाही, चालत, आणि तुझ्या शेजारी बसायला नाही. आम्ही सगळ्या समोर बसू. तू व्यासपीठावर उभा राहून, हार गळ्यात पडण्याआधी, त्या जागेचा राजीनामा दे. पुन्हा मतदान होऊ दे. पुन्हा पितांबरला त्या टेबलाशी बसव आणि एकेकीला नाव विचारायला सांग.

आम्ही सांगू.

राजीनामा दे, भाईदास. मग आशीर्वाद मागायला ये, मी घरीच आहे.

दगूबाई रेवजी पाटील